तीन काळे धागे

फोन उचलला गेला की नाव न सांगता थेट दुखण्यावर यायचं, ही माझी नरसय्यांपाशी वीस-बावीस वर्षांची सवय. त्या दिवशीही तेच केलं. सकाळी मंद्रूपकडच्या रानात जायला निघालो होतो. जीपला चावी मारली तर सेल्फ नुसता ‘टक्’ म्हणून गप्प बसला. हॉर्न दाबून बघावा म्हटलं, तर हॉर्न कण्हला आणि वायपर मात्र काचेवर चार बोटं सरकून थांबला. मी अंगणात उभ्या उभ्या नंबर लावला आणि पलीकडून कुणी काही बोलायच्या आत सुरू झालो, “नरसय्या, हॉर्न दाबला की वायपर उठतोय. आणि सेल्फ मेलाय बघा.” पलीकडे मागं कुठंतरी भांडी वाजली. मग त्यांच्या मुलीचा आवाज आला, “काका, मी भाग्या बोलतेय. पप्पा गेले की हो. आज नववा दिवस.” अशा वेळी माणसानं काय बोलावं याचे शब्द ठरलेले असतात. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, शोकसभांना माझंच नाव पुढं करतात, त्यामुळं ते शब्द मला पाठ आहेत. पण त्या क्षणी माझ्या तोंडून जे निघालं ते असं, “अरेरे... मग आता गाडी कुणाला दाखवू?”

भाग्या रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “पप्पा पण हेच म्हणत होते काका. सरांची जीप आता कोण बघणार म्हणून. तुमची लई वाट बघितली त्यांनी.”

या शेवटच्या वाक्यानं मी पायरीवर बसलो. कारण पाच महिने मी त्यांच्याकडं गेलो नव्हतो, आणि का गेलो नव्हतो हे जगात फक्त मला ठाऊक होतं. निदान माझी तशी समजूत होती.

नरसय्या म्हणजे जुन्या गाड्यांच्या वायरिंगचे डॉक्टर. सोलापूरच्या पूर्व भागात एका बोळात त्यांचं पत्र्याचं शेड होतं. दोन्ही बाजूंना यंत्रमाग. आधी त्या खटखटीत ओरडून बोलावं लागायचं. अलीकडं एका बाजूचे माग बंद पडले आणि आम्ही दोघं सवयीनं विनाकारण ओरडत बोलायचो. त्यांचे वडील चादरी विणायचे. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि वायरींशी कोणती भाषा ते देव जाणे, पण काम करताना सारखं काहीतरी पुटपुटत असायचे. शिडशिडीत माणूस. चष्म्याची एक काडी कधीकाळी तुटलेली, तिच्या जागी सुताचा दोरा कानामागं बांधलेला. नवी काडी बसवून घ्या म्हटलं तर म्हणायचे, “दिसतंय की यातनं.”

माझी जीप ही माझ्या तरुणपणीच्या गाढवपणांपैकी एक. एका सरकारी खात्यानं निकालात काढलेली ती मी मोठ्या ऐटीत घरी आणली, तेव्हा सुनंदानं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं, दारातून तिच्याकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघून विचारलं होतं, “ज्यांनी निकालात काढली, त्यांचं ऐकावंसं नाही का वाटलं तुम्हाला?” आमच्या रानाची वाट काळ्या मातीची; एक सर पडली की मोटारसायकल जागच्या जागी रुतून बसते. म्हणून जीप, असं माझं समर्थन. आल्यापासून तिला एक विचित्र खोड होती. ब्रेक दाबला की डावीकडं वळायचा दिवा लागायचा. एकानं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं डायनामो सोडवला, तिसऱ्यानं विकून टाका म्हणून सांगितलं. मग कुणीतरी नरसय्यांचं शेड दाखवलं.

त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टिअरिंगसमोर बसले आणि एकेक बटण दाबून, सोडून, कान देऊन ऐकत राहिले. दहा मिनिटं. मी घड्याळ बघायला लागलो तर म्हणाले, “आधी गाडीला बोलू द्यायचं सर. मग आपण बोलायचं.” मग एक लांब वायर घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला लावलं, दुसरं डॅशबोर्डच्या पत्र्याला टेकवलं आणि म्हणाले, “आता दाबा ब्रेक.” दिवा लागला नाही. वायर काढली, लागला. टेकवली, गेला. मी तोंड उघडं टाकून बघत होतो. ते एक गंजलेला बोल्ट खरवडता खरवडता म्हणाले, “करंट जातो कसा ते सगळे बघतात. परत कसा येतो ते कोण बघत न्हाय. वाट बंद झाली की तो दुसऱ्याच्या घरात शिरतो. आपल्या ब्रेकचा करंट शेजारच्या दिव्यात. त्याची चूक न्हाय सर, त्याला परत यायला वाट पायजे की.” परतीच्या या वाटेला ते ‘अर्थ’ म्हणायचे. जुन्या गाडीचे बहुतेक रोग तिथेच असतात, असं त्यांचं ठाम मत होतं. पुढं वीस वर्षांत ते चुकल्याचं मला तरी आठवत नाही.

आता त्यांच्या धाग्यांविषयी. जुन्या गाडीच्या वायरींचे रंग उन्हानं, तेलानं आणि धुळीनं उडून गेलेले असतात. लाल, पिवळी, निळी, सगळ्या शेवटी एकाच मातकट रंगाच्या. कोणती कुठली ते कळावं म्हणून बाकीचे इलेक्ट्रिशियन रंगीत चिकटपट्टी गुंडाळतात. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात ती पट्टी घाम गाळते, डिंक वितळतो, आणि मे महिन्यात सगळ्या पट्ट्या घसरून एका जागी गोळा होतात. नरसय्यांनी यावर घरचाच उपाय काढला होता. मागावर उरलेलं रंगीत सूत. त्यांच्या शेडमध्ये खिळ्यांवर सुताच्या लडी टांगलेल्या असायच्या, आणि हात लावलेल्या प्रत्येक वायरीला ते धागा बांधायचे. पिवळा दिव्यांचा, हिरवा हॉर्नचा, निळा वायपरचा, लाल सरळ बॅटरीवरून आलेला, काळा अर्थचा. डाव्या बाजूला एक गाठ, उजव्या बाजूला दोन. गाठ विणकराची, बारीक, ओढली की आणखी आवळणारी. वीस वर्षांत माझ्या जीपच्या पोटात असे चाळीसेक धागे झाले होते.

त्या धाग्यांचा उपयोग मला एकदा रानात समजला. समजला सुनंदाला, मी जवळ उभा होतो. ज्वारी काढणीला आलेली, आम्ही दोघंच गेलो होतो, आणि परतताना जीप मुकी झाली. ना दिवा, ना हॉर्न. फोन लावला. नरसय्या म्हणाले, “चावी फिरवा, आणि फोन डॅशबोर्डजवळ धरा.” तिकडून त्यांनी काय ऐकलं कोण जाणे. “आता खाली वाका. लाल धागा बघा. एक गाठीवाला.” मी सीटवर उलटा, पाय बाहेर, डोकं ब्रेकच्या पेडलाशी, आणि पोट मध्ये अडकलेलं. “सापडला,” म्हणालो. “ओढून बघा.” ओढला. वायपरची वायर तुटून हातात आली, तसं सांगितलं. “सर, तो निळा असंल,” नरसय्या शांतपणे म्हणाले, “अक्का हायत का जवळ? जरा त्यांच्याकडं द्या की फोन.” सुनंदानं फोन घेतला, पदर खोचला, वाकली, ‘हं’, ‘हं’, ‘सैल आहे’, ‘बसवली’ एवढं बोलली आणि जीप सुरू झाली. घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही, फक्त मंद्रूपच्या बाजारात थांबून दोडके घेताना मला विचारलं, “हे हिरवेच आहेत ना हो?” त्यानंतर मी कधीही फोन केला की नरसय्यांचा पहिला प्रश्न, “अक्का हायत का जवळ?”

आता मूळ दुखण्यावर येतो.

गेल्या दसऱ्याला मला स्वच्छतेचा झटका आला. वाहनपूजेसाठी जीप धुतली, पुसली, आणि उत्साहाच्या भरात खाली वाकून डॅशबोर्डच्या आतही बघितलं. तिथं तेलकट, धुळीनं माखलेल्या चिंध्यांचं जाळं लोंबत होतं. माझ्या डोळ्यांना ते धागे म्हणून दिसलेच नाहीत. वीस वर्षं ज्यांच्यावर गाडी चालली, त्यांच्याकडं मी कधी नीट बघितलं नव्हतं. घरातली कात्री आणली आणि एका अंगानं सगळे कापून काढले, गाठींसकट. सुपलीभर निघाले. वर झेंडूचं तोरण बांधलं. सुनंदा पूजेचं ताट घेऊन आली, सुपलीत डोकावली, म्हणाली, “हे काय कापलंत?” मी म्हणालो, “चिंध्या.” तिनं ताट खाली ठेवलं, सुपलीकडं जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “बरं.” तीस वर्षांच्या संसारात त्या ‘बरं’चा अर्थ मला समजायला हवा होता.

कापताना दोन-तीन वायरीही निसटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी एका बाजूचे दिवे गेले. मी जीप शेडमध्ये नेली. नरसय्या खाली वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. ते वर येईपर्यंतच्या त्या वेळात मी, दरवर्षी पोरांना सत्याचं महत्त्व सांगणारा प्राध्यापक, म्हणालो, “उंदरांनी कुरतडलं वाटतं. फार झालेत हो आमच्याकडं.”

ते वर आले. चष्मा पुसला, दोरा कानामागं नीट केला. “असंल,” म्हणाले. “उंदीर लई वाईट.” मग आत गेले आणि कागदाच्या पुडीत डांबरगोळ्या घेऊन आले. “हे टाका आत, कोपऱ्या-कोपऱ्याला. वासानं येत न्हाईत.” चेहरा असा गंभीर की मला सुटल्यासारखं वाटलं. मी त्यांच्यादेखत, वाकून, एकेक गोळी जागेवर ठेवली. घामाघूम झालो. ते बाजूला उभं राहून सांगत होते, “तिकडं आणखी एक, सर. उंदीर तिकडनं येतो बघा.”

दोन दिवस त्यांनी सगळं आठवून परत बांधलं. तेव्हाच खोकत होते. गाडी न्यायला गेलो तेव्हा थकून स्टुलावर बसले होते, म्हणाले, “जाणाऱ्या वायरी सगळ्या झाल्या. अर्थच्या तीन राहिल्या. त्यांचा गंज काढायचा, त्या निवांत करायच्या. पुढच्या आठवड्यात आणा.” आणणार होतो. मनाशी ठरवलंही होतं की त्या वेळी सांगून टाकू... पण पुढचा आठवडा आला की परीक्षा, मग तुरीची काढणी, मग लग्नसराई. जीप चालत होती. आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की डांबरगोळ्यांचा वास यायचा, आणि मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात. खोटं बोललो त्याची लाज एवढी नव्हती. त्या माणसानं ते खरं मानलं, त्यावर औषधसुद्धा दिलं, त्याची होती. दोनदा बोळाच्या तोंडापर्यंत जाऊन परत फिरलो. एकदा त्यांचं खोकणं बाहेर ऐकू आलं, तरीही.

भाग्याकडं दुसऱ्या दिवशी गेलो. तिनं सांगितलं, सकाळचा चहा घेता घेता गेले. बशी खाली ठेवली आणि भिंतीला टेकले. तीन-चार महिन्यांपासून शेड जवळजवळ बंदच होतं. मी सांगायला तोंड उघडलं, “भाग्या, दसऱ्याला ते धागे...” तेवढ्यात ती उठली, म्हणाली, “थांबा काका, तुमचंच काढून ठेवलंय,” आणि आतून एक तंबाखूची डबी घेऊन आली. आत तीन काळे धागे. वीतभर लांबीचे, सारखे कापलेले, एका टोकाला गाठ मारून तयार. “जीपवाले सर आले की बांधायचे म्हणून ठेवले होते. सारखी डबी उघडून बघायचे. मला म्हणाले, मी नसलो तर अक्कांना दे, सरांना देऊ नको, ते कुठं पण बांधतील.” मला हसू आलं आणि त्या हसण्याचं पुढं काय झालं ते सांगत नाही. जे सांगायचं होतं ते मात्र न सांगताच घरी आलो.

रविवारी दुपारी सुनंदा आणि मी जीपपाशी बसलो. आता गुडघे कुरकुरतात, मान आखडते. ती एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, दोघंही कण्हत, मध्ये नरसय्यांची पद्धत. आधी बटणं दाबून ऐकलं. मग लांब वायर बॅटरीच्या उणेला लावून एकेक जागी टेकवत गेलो. इंजिन आणि पत्रा यांना जोडणारी जाड पट्टी गंजून नुसती टेकलेली होती. तिथं वायर धरली की सेल्फला जोर यायचा. बोल्ट काढला, पॉलिशपेपरनं घासून चकचकीत केला, आवळला. सुनंदानं पहिला धागा बांधला. दुसरी अर्थ हेडलाइटच्या मागं मिळाली. तिसरी काही सापडेना. हॉर्न दाबला की वायपर उठतोच. तासभर गेला. मी वैतागून म्हणालो, “सोड. दुसऱ्या कुणाला तरी बोलावू.” ती म्हणाली, “कुणाला?” मी पुन्हा वाकलो. डॅशबोर्डच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, बोटांनी चाचपून, एक सैल स्क्रू लागला. त्याच्याशेजारी एक झिजून वाटाण्याएवढी झालेली डांबरगोळी. मी ती बाहेर काढली, तळहातावर घेतली, आणि उलटा पडल्या पडल्याच, कारण उठून सांगायची हिंमत नव्हती, म्हणालो, “सुनंदा, तुला एक सांगायचं राहिलंय. नरसय्यांनासुद्धा...”

“कात्रीचं ना?” ती म्हणाली.

वर काढताना माझं डोकं स्टिअरिंगवर आपटलं.

“मी दसऱ्याच्याच दिवशी फोन केला होता त्यांना. म्हटलं, आमच्या ह्यांनी सगळे धागे कापलेत, आता कसं? ते म्हणाले, असू दे अक्का, बांधतो परत. तुम्ही गाडी सोडून आलात, तर त्यांचाच फोन. म्हणाले, अक्का, सर उंदीर म्हणाले. मी डांबरगोळ्या दिल्या. इतकं हसले, इतकं हसले की खोकला लागला त्यांना.” ती स्वतःही हसत होती, मग थांबली. “म्हणाले, सरांना कळू देऊ नका मला माहीत हाय म्हणून. लाजतील, आणि मग यायचे न्हाईत.”

तरी पण मी गेलो नाहीच, हे आम्हा दोघांच्याही मनात आलं असणार.

“मला सांगायचंस ना ग,” मी शेवटी म्हणालो.

“शब्द दिला होता. आणि वाटलं, जाल की आपणहून. आज ना उद्या.”

मी परत खाली वाकलो. स्क्रू काढला, जागा घासली, आवळला. तिनं हात आत घालून तिसरा काळा धागा बांधला. तिची गाठ त्यांच्यासारखी बारीक नाही, पण पक्की आहे. मग ती सीटवर बसली आणि हॉर्न दाबला. शेजारचं कुत्रं दचकून उठावं असा वाजला. वायपर जागचा हलला नाही. मी माझ्या हातातली ती झिजलेली गोळी कुठं ठेवावी या विचारात उभा होतो, टाकवेना.

तिनं ती माझ्या हातातून घेतली, वास घेतला आणि म्हणाली, “गोळ्या पार संपत आल्यात. बाजारात जाल तेव्हा नव्या आणा. उंदीर काही कुठं गेलेला नाही.”